बिनदोरीचे पट्ट्यांचे पडदे: सोलापूरच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खिडक्यांना पडदे आणि ब्लाइंड बसवण्याचं काम मी सोलापुरात बरीच वर्षं करतो आहे. जुळे सोलापूरच्या नव्या फ्लॅटपासून पूर्व भागातल्या, शेजारी माग चालू असलेल्या घरांपर्यंत हल्ली सगळीकडे आडव्या पट्ट्यांचा बिनदोरीचा पडदा मागतात. पडदा बसवून मी घरी पोचतो न पोचतो तोच फोन येतो, "काका, वर जातच नाहीये." दहातल्या आठ वेळा पडदा चांगलाच असतो. त्याला हात कसा लावायचा, हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

दोरीच नाही, तर पडदा वर जातो कसा आणि मध्येच थांबतो कसा?

दोऱ्या आहेत, पण आत. वरच्या पेटीत, जिला आम्ही हेडरेल म्हणतो, गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग असते. त्या स्प्रिंगला जोडलेल्या बारीक दोऱ्या पट्ट्यांच्या भोकांतून खाली येऊन सगळ्यांत खालच्या जाड पट्टीला बांधलेल्या असतात. तुम्ही खालची पट्टी वर उचलली की स्प्रिंग ती सैल झालेली दोरी आत गुंडाळून घेते. हात काढला की पट्ट्यांचं वजन, स्प्रिंगचा ओढा आणि आतलं घर्षण यांचा मेळ बसतो आणि पडदा आहे तिथेच थांबतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिच्यात आहे. पडदा पूर्ण खाली असतो तेव्हा पट्ट्या शिडीसारख्या विणलेल्या दोऱ्यांवर, म्हणजे थेट वरच्या पेटीवर टांगलेल्या असतात. पडदा वर जाऊ लागला की त्या एकेक करून खालच्या पट्टीवर बसत जातात. म्हणजे पडदा जितका वर, तितकं स्प्रिंगवरचं ओझं जास्त. जड पट्ट्यांचा मोठा पडदा वरच्या टोकाला पोचल्यावर चार बोटं खाली घसरतो तो यामुळे.

दोरीचा पडदा तर सहज मिळतो. मग बिनदोरीचाच कशाला?

घरात लहान मूल असेल, किंवा सुट्टीत नातवंडं येत असतील, तर या प्रश्नावर मी गिऱ्हाइकाशी वादही घालतो. माझ्या बहिणीच्या घरी दोरीचा पडदा होता. तिची दोन वर्षांची मुलगी दिवाणावर उभी राहून खिडकीतून रस्त्यावरच्या गाई बघायची. एकदा दोरीचा फास तिच्या गळ्यात अडकला आणि ती दिवाणावरून खाली घसरली. बहीण त्याच खोलीत घड्या घालत होती म्हणून पोर वाचली. मुलगी रडलीही नाही, कारण गळा आवळल्यावर आवाज फुटतच नाही. सगळं मिनिटाच्या आत होतं. त्या दिवसापासून माझ्या हाताने मी घरात लोंबत्या दोरीचा नवा पडदा बसवलेला नाही.

अशाच अपघातांमुळे अमेरिकेत पडदे बनवणाऱ्यांच्या सुरक्षा-मानकात बदल झाला. डिसेंबर २०१८ पासून तयार मापात विकल्या जाणाऱ्या पडद्यांना हाताशी येईल अशी दोरी ठेवायची नाही, असं ठरलं. मापाप्रमाणे बनवून दिल्या जाणाऱ्या पडद्यांवरही जून २०२४ पासून कडक बंधनं आली. आपल्याकडे दोन्ही प्रकार विकत मिळतात, त्यामुळे निवड तुमच्याच हातात आहे.

बिनदोरीचा घेतानाही मागची बाजू बघा. दोन पट्ट्यांच्या मधली आतली दोरी बोटाने ओढून पाहा. ती हातभर बाहेर येऊन तिचा फास होत असेल, तर तो पडदा लहान मुलांच्या खोलीत नको.

सोलापूरच्या उन्हाला हा पडदा पुरेल का?

खरं सांगायचं तर एकटा पुरणार नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो. आतून लावलेला कुठलाही पडदा ऊन अडवतो ते काच ओलांडून आल्यानंतर. उष्णता तोवर घरात आलेली असते. फिकट रंगाच्या पट्ट्या तिच्यातला काही भाग काचेतून परत पाठवतात, गडद पट्ट्या मात्र तापून खोलीतच सोडतात. म्हणून पश्चिमेच्या खिडकीला कॉफी रंग मागितला की मी पांढरा किंवा बदामी सुचवतो.

कुठल्या खिडकीवर खर्च करायचा हे ठरवायला सूर्याची वाट माहीत हवी. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस आणि ऑगस्टच्या सुरुवातीला एक दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडेच असतो. म्हणजे ऐन मे महिन्यात दक्षिणेच्या खिडकीवर साधा छज्जा असला तरी ऊन आत येत नाही. छळते ती पश्चिमेची आणि वायव्येकडे तोंड केलेली खिडकी. संध्याकाळी चार-साडेचारनंतर तिरपं ऊन छज्ज्याखालून थेट पलंगावर येतं. उलट गड्डा यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या आसपास, भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, साधारण ५० अंशांवर. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत चांगलं आतवर शिरतं. थंडीत ते हवंसंच वाटतं, पट्ट्या आडव्या ठेवून घ्यावं.

पैसे मोजकेच असतील तर पहिला पडदा पश्चिमेला लावा. जमलं तर त्याच खिडकीला बाहेरून वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा सोडा. बाहेर वाळा आणि आत पट्ट्या, या जोडीने खोलीत जो फरक पडतो तो नुसत्या महागड्या ब्लाइंडने पडत नाही.

ॲल्युमिनियम, पीव्हीसी की लाकूड?

२५ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी हलकी असते, स्प्रिंगवर ताण कमी येतो, ती ओल्या फडक्याने पुसता येते. एकदा दुमडली की मात्र घडी कायमची राहते, त्यामुळे पट्ट्या बोटांनी फाकवून बाहेर डोकावायची सवय असलेल्या घरात ती वर्षभरात वाईट दिसू लागते. ५० मिलिमीटरची लाकडासारखी दिसणारी पीव्हीसी पट्टी देखणी आणि पाण्याला न घाबरणारी, पण जड. शिवाय पश्चिमेच्या बंद काचेमागे भयंकर उष्णतेत हलक्या प्रतीचं पीव्हीसी मऊ पडून मधोमध झोळ धरतं, हे मी पाहिलं आहे. खरं लाकूड पीव्हीसीपेक्षा हलकं आणि सुंदर, फक्त स्वयंपाकघर आणि न्हाणीघरापासून लांब ठेवा.

माझी निवड विचाराल तर पश्चिमेला फिकट ॲल्युमिनियम आणि बैठकीच्या खोलीत, छज्जा असलेल्या खिडकीला, पीव्हीसी किंवा लाकूड. स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीमागच्या खिडकीला पट्ट्यांचा पडदा लावूच नये. फोडणीचं तेल पट्टीपट्टीवर बसतं आणि आगीची भीती वेगळीच.

माप कसं घ्यायचं?

पडदा वाया जातो तो मापात. भोक चुकलं तर बुजवता येतं, पण कापून आलेली पेटी लांब करता येत नाही.

आधी ठरवा, पडदा खिडकीच्या चौकटीच्या आत बसणार की चौकटीबाहेर, खोलीतल्या भिंतीवर. आत बसवायचा असेल तर पोलादी टेपने रुंदी तीन ठिकाणी मोजा, वर, मध्ये आणि खाली. तिन्हींतलं सगळ्यांत कमी माप धरा. उंचीही तीन ठिकाणी, डावीकडे, मध्ये, उजवीकडे, आणि तिथे सगळ्यांत जास्त माप धरा. कापडी टेप वापरू नका, ती ताणली जाते. माप मिलिमीटरमध्ये लिहा. आमच्याकडे सुतार अजून इंच आणि सुतात बोलतात, आठ सुतांचा एक इंच, आणि "छत्तीस दोन सूत" हे फोनवर "छत्तीस दोन" होऊन पुढे ३६.२ इंच असं लिहिलं जातं. दोन सूत म्हणजे पाव इंच, ३६.२५. फरक दिसतो लहान, पण आत बसणाऱ्या पडद्याला तेवढा पुरतो.

मग दोन्ही कर्ण मोजा, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत आणि उलट. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक आला तर आत बसवायचा हट्ट सोडा. जुन्या वाड्यांत असं बऱ्याचदा होतं.

एक जागा अशी आहे जिथे मी स्वतः नुकसान सोसलं आहे. आतल्या मापाला बनवणारा कारखाना बाजूच्या मोकळीकीसाठी स्वतःच थोडं कमी करतो, साधारण अर्धा इंच. ते ठाऊक नसताना मी माझ्या घरच्या खिडकीसाठी आधीच अर्धा इंच कमी करून माप दिलं. पडदा आला तो एक इंच आखूड. दोन्ही बाजूंनी उन्हाच्या रेघा भिंतीवर पडायच्या. तेव्हापासून मागणी देताना मी "हे खिडकीचं माप आहे, वजावट तुम्ही करा" असं स्पष्ट लिहितो.

बाहेर भिंतीवर बसवायचा असेल तर खिडकीच्या दोन्ही बाजूंना दोन ते तीन इंच आणि वरही तीन इंच जास्त घ्या. खाली ओटा किंवा कट्टा असेल तर त्याला जेमतेम टेकेल एवढंच.

आत बसवू की बाहेर? आमच्याकडे ग्रिल आहे, जाळी आहे.

आत बसवलेला नीटस दिसतो, पण त्यासाठी चौकटीत खोलवर मोकळी जागा हवी. २५ मिलिमीटरच्या पट्टीला साधारण दीड इंच, ५० मिलिमीटरच्या पट्टीला अडीच इंच सलग मोकळी जागा लागते. ग्रिल आतल्या बाजूला असेल, सरकत्या खिडकीचा खटका पुढे आलेला असेल किंवा डासांच्या जाळीचा पल्ला आत उघडत असेल, तर पट्ट्या फिरवताना अडकतात. अशा घरात बाहेरूनच बसवा. आत उघडणाऱ्या लाकडी पल्ल्यांना तर दुसरा मार्गच नाही.

अजून एक हिशेब लोक विसरतात. पडदा वर गोळा केला तरी तो नाहीसा होत नाही. ५० मिलिमीटरच्या जाड पट्ट्यांचा पाच फुटी पडदा वर आठ-नऊ इंच जागा अडवतो. खिडकी आधीच बुटकी असेल तर बाहेरून, थोडा वर लावा, म्हणजे गठ्ठा भिंतीवर राहील आणि काच पूर्ण मोकळी मिळेल.

आमची भिंत जुनी आहे, ड्रिल मारली की भुसा पडतो. पेटी धरणारा ब्रॅकेट टिकेल का?

भिंतीच्या जातीवर आहे. नव्या इमारतीत खिडकीच्या वर काँक्रीटची आडवी तुळई, म्हणजे लिंटल, असते. तिथे साधी ड्रिल नुसती घासत बसते, हॅमर ड्रिलच लागते, पण एकदा गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारी खुंटी, बसली की ती हलत नाही. पक्क्या विटेच्या भिंतीत ६ मिलिमीटरचं भोक, प्लास्टिकची गिट्टी आणि दीड इंची स्क्रू पुरतो. मात्र भोक नुसत्या गिलाव्यात संपता कामा नये, विटेत जायला हवं.

हलक्या राखाडी ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी गोल फिरते. त्या ब्लॉकसाठी वेगळी लांब गिट्टी मिळते, दुकानदाराला भिंत कुठली आहे ते सांगून मागा. हॅमर बंद ठेवून भोक पाडा, नाहीतर ब्लॉक आतून पोखरतो. आणि दगड-मातीच्या जुन्या भिंतीत गिट्टीवर भरवसा नकोच. तिथे खिडकीच्या वरची लाकडी चौकट किंवा तुळई शोधून तिच्यात स्क्रू मारा. लाकूड वाळवी लागलेलं नसेल तर याहून मजबूत आधार नाही.

ड्रिल लावण्याआधी आजूबाजूला स्विचबोर्ड, पंख्याचं किंवा एसीचं पॉइंट बघा. भिंतीतली वायर बहुधा त्याच्या सरळ रेषेत वर किंवा आडवी गेलेली असते. त्या रेषेवर भोक पाडू नका. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या चौकटीत स्क्रू मारणार असाल तर तो पल्ल्याच्या वाटेत बाहेर येत नाही ना, हे पल्ला सरकवून पाहा.

बसवायचा कसा? घरीच जमेल?

जमतं. दोन माणसं हवीत, शिडी पक्की हवी, आणि सकाळचं काम सकाळी करावं, कारण मे महिन्यात दुपारी खिडकीजवळ शिडीवर उभं राहवत नाही.

खोक्यातले ब्रॅकेट आधी मोजा. दोन टोकांचे दोन असतात, आणि पडदा साधारण चार फुटांहून रुंद असेल तर मधला आधारही येतो. तो पुष्कळ जण जास्तीचा समजून ड्रॉवरमध्ये टाकतात. मग वर्षभरात पेटी मध्ये वाकते, आतली स्प्रिंग घासू लागते आणि पडदा अडकतो. मधला आधार लावाच, फक्त पेटीत जिथून दोऱ्या खाली उतरतात त्या जागा टाळून.

टोकांच्या ब्रॅकेटच्या जागा पेन्सिलने खुणवा. मग स्पिरिट लेव्हल किंवा गवंड्याची पाण्याची नळी लावून दोन्ही खुणा एका पातळीत आहेत ना ते पाहा. चौकटीला समांतर धरून चालत नाही, चौकटच उतरती असू शकते. बिनदोरीच्या पडद्यात ही पातळी फार महत्त्वाची, कारण पेटी कलली की एका बाजूला भार जास्त येतो आणि पडदा कायम तिरका वर जातो. ब्रॅकेट मागेपुढे होऊ नयेत म्हणून दोन टोकांत दोरा ताणून मधला आधार त्या दोऱ्याला टेकेल असा लावा. भिंत खोलगट असेल तिथे ब्रॅकेटमागे पातळ पट्टी भरा. भोक पाडताना खाली कागदाचं पाकीट चिकटपट्टीने भिंतीला लावलं की धूळ त्यातच पडते.

ब्रॅकेट घट्ट बसले की पेटी दोघांनी दोन टोकांना धरून वर न्या. काही ब्रॅकेटमध्ये पेटीची पुढची कड आधी खाचेत अडकवून मागची बाजू वर दाबायची असते, टक असा आवाज येतो. काहींना दार असतं, पेटी आत सरकवून दार खाली लावायचं. आवाज आला, दार लागलं म्हणून हात सोडू नका. प्रत्येक ब्रॅकेटपाशी पेटी हलकेच खाली ओढून खात्री करा. मगच वाहतुकीसाठी लावलेल्या क्लिपा आणि बांधलेल्या पट्ट्या काढा. त्या आधी काढल्या तर पडदा हातातच उलगडतो.

पहिल्या रात्री पडदा पूर्ण खाली सोडून पट्ट्या मिटून ठेवा. खोक्यात दबलेल्या दोऱ्या सरळ होतात.

वर-खाली करायची बरोबर पद्धत काय?

आधी दांडी फिरवून पट्ट्या आडव्या, उघड्या करा. मग खालची पट्टी मधोमध धरा आणि सावकाश वर न्या. तीन फुटांहून रुंद पडद्याला दोन्ही हात लावा, मधल्या बिंदूपासून सारख्या अंतरावर. खाली आणताना तसंच, पट्टी धरून हाताबरोबर खाली. एका टोकाला धरून ओढू नका, झटका देऊ नका, अर्ध्यावर सोडून "जाईल आपोआप" म्हणू नका. काही पडद्यांच्या खालच्या पट्टीला बटण असतं. ते दाबून धरलं तरच पडदा हलतो, सोडलं की थांबतो. बटण न दाबता जोर लावल्यामुळे बिघडलेले पडदे माझ्याकडे येतात, आणि त्यांची दुरुस्ती सोपी नसते.

दांडी शेवटपर्यंत फिरली की थांबा. आणखी पिळली तर आतला दातेरी भाग झिजतो.

पडदा तिरका जातोय / खाली घसरतोय / अर्ध्यातून वर जात नाही. काय करू?

तिन्हींवर पहिला उपाय एकच. पडदा पूर्ण खाली आणा, खालची पट्टी मधोमध धरून हलकासा ताण द्या आणि मग न थांबता शेवटपर्यंत वर न्या. असं चार-पाच वेळा करा. नव्या पडद्याची दोरी आत सारखी गुंडाळलेली नसते, ती यात सारखी होते. बहुतेक फोन इथेच संपतात.

तरीही तिरकाच जात असेल तर पेटीवर लेव्हल ठेवा. ती सरळ असेल तर शिडीच्या दोऱ्यांत एखादी पट्टी उलटी अडकली आहे का ते बघा. वरच्या टोकाला दोन-चार बोटं घसरून थांबणं हे जड पडद्यात चालायचंच, पण हात काढल्यावर वीतभर खाली येत असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा मागणी देताना पडदा स्प्रिंगच्या झेपेपलीकडे मोठा घेतला गेला आहे. उलट, खाली ठेवलेला पडदा आपोआप वर सरकत असेल तर वजन कमी पडतंय. हमीच्या मुदतीत असेल तर दुकानात न्या. पेटी घरी उघडू नका, ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोट कापते.

तेल मात्र घालू नका. आपल्याकडच्या धुळीत तेलाचा आठवड्यात चिखल होतो.

पडदा लांब आला आहे. खालच्या पट्ट्या काढून टाकू का?

थोड्या काढता येतात. खालच्या पट्टीच्या तळाची बुचं काढायची, दोरीची गाठ सोडायची, जास्तीच्या पट्ट्या काढून पुन्हा गाठ मारायची. पण स्प्रिंग कारखान्यात पूर्ण वजनावर बेतलेली असते. फार पट्ट्या कमी केल्या की पडदा खाली राहतच नाही. सोबतच्या माहितीपत्रात किती काढता येतात ते दिलेलं असेल तेवढ्याच काढा. दोन-चार पट्ट्यांचा प्रश्न असेल तर मी म्हणतो, राहू द्या, कट्ट्यावर टेकल्या तरी बिघडत नाही.

समोरच्या इमारतीतून घरात दिसतं. पट्ट्या कुठल्या बाजूला वळवायच्या?

समोरचं घर तुमच्यापेक्षा उंच असेल तर पट्टीची बाहेरची कड खाली आणि खोलीकडची कड वर ठेवा. वरून बघणाऱ्याला पट्टीची पाठ दिसते. तुम्ही वरच्या मजल्यावर आणि रस्ता खाली असेल तर उलट, बाहेरची कड वर. उन्हासाठी नियम पहिलाच, बाहेरची कड खाली. ऊन वरून येतं आणि पट्टीवर आदळतं, उजेड मात्र फटींतून येत राहतो. संध्याकाळी घरात दिवे लागल्यावर मात्र फट असेल तर दिसणारच, तेव्हा पूर्ण मिटा.

साफ कसे करायचे? पाणी तर रोज येत नाही.

पाणी कमीच लागतं. पट्ट्या मिटून वरून खाली कोरड्या फडक्याने पुसायच्या, मग उलट्या बाजूला मिटून पुन्हा. याला आपल्या सोलापुरी टॉवेलच्या जुन्या तुकड्यासारखं काही नाही, त्याचे फासे धूळ धरतात. आठवड्यातून एकदा पुसलं तर धुण्याची वेळ येत नाही. पूर्व भागात मागांजवळ राहणाऱ्यांनी मात्र दोन-तीन दिवसांनी हात फिरवावा. सुताचा बारीक तंतू पट्टीवर बसतो, शिडीच्या दोऱ्यांत गुंततो आणि त्यावर धूळ साचून पडदा जड होतो.

डाग असेल तर ओलं, पिळलेलं फडकं आणि चिमूटभर भांड्यांचा साबण. लगेच कोरडं पुसा. बोअरचं जड पाणी पट्टीवर वाळलं की पांढरे ठिपके राहतात. लाकडी पट्टीला पाणी लावू नका, आणि कुठलाही पडदा काढून बादलीत बुडवू नका, पेटीतली स्प्रिंग गंजते.

वळवाचा पाऊस आला, वारा सुटला तर?

खिडकी बंद करा किंवा पडदा पूर्ण वर घ्या. उघड्या खिडकीत खाली सोडलेला पडदा वाऱ्याने ग्रिलवर आपटून एका संध्याकाळीत पट्ट्या वाकवतो.

भाड्याचं घर आहे, भोकं पाडता येत नाहीत.

घरमालकाला विचारा, चार भोकांना बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. चिकटपट्टीवर टांगायचे प्रकार डिस्टेंपर मारलेल्या भिंतीवर टिकत नाहीत. उन्हाळ्यात रंगासकट सुटून येतात.

दिवाळीला घराला रंग द्यायचा आहे. पडदा उतरवायचा कसा?

पूर्ण वर गोळा करून दोन जागी कापडी पट्टीने बांधा. दाराचे ब्रॅकेट असतील तर दार उघडून पेटी सरळ पुढे ओढायची. खटक्याचे असतील तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खटका दाबून मागची कड आधी सोडवायची. उभा करून ठेवू नका, पलंगाखाली आडवा ठेवा. रंगाऱ्यांनी ब्रॅकेटवर रंग फासला तर खटके बसत नाहीत, त्यावर आधीच कागद चिकटवा.

खिडकी उंच आहे, आईचा हात पोचत नाही.

दोरीच्या पडद्यापुढे याची खरी अडचण ही एकच. खालची पट्टी हाताच्या उंचीवर येईल एवढाच पडदा वर न्यायचा, बाकी काम दांडी फिरवून. खालच्या पट्टीला अडकवायची लांब काठीही काही पडद्यांबरोबर मिळते, घेताना मागा. फार उंच खिडकीला मोटरचा पडदा घ्या. चार्ज होणारी मोटर असेल तर वायर ओढावी लागत नाही. वयस्कर माणसाला स्टुलावर चढायला लावणारा पडदा त्या खिडकीसाठी चुकीचाच.

घरात जुने दोरीचे पडदे आहेत. सगळे लगेच बदलणं परवडत नाही.

मुलं झोपतात आणि खेळतात त्या खोल्या आधी बदला, बाकीच्या हळूहळू. तोवर दिवाण, पाळणा, खुर्ची, मूल चढू शकेल असं सगळं खिडकीपासून लांब सरकवा. दोन दोऱ्या एकत्र गाठ मारून जोडलेल्या असतील तर गाठीच्या वर कापून वेगळ्या करा, म्हणजे फास राहत नाही. पण साखळीसारखी सलग दोरी असेल तर ती कापू नका, पडदा चालणार नाही. ती ताणून भिंतीवर पक्की बसवा. उरलेली दोरी जमिनीपासून किमान पाच फुटांवर हुकाला गुंडाळा, आणि हे काम पुढच्या रविवारवर टाकू नका, आज रात्री मुलं झोपायच्या आधी करा.